एकेचाळिसावी वाघीण

रेल्वेच्या मराठीत वॅगनला वाघीण म्हणतात.
कळमना यार्डात कोणीच म्हणत नाही.
मी म्हणते, मनातल्या मनात,
नवतप्याच्या रात्री अडीच वाजता
टॉर्च आणि वही घेऊन
एकोणसाठ वाघिणींच्या कडेनं चालताना.
कोळसा भरलेल्या. दुपारचं ऊन अजून पत्र्यात.

प्रत्येकीच्या कुशीवर अकरा अंक.
आधी जात (उघडी की झाकलेली, एवढीच),
मग मालक रेल्वे, मग जन्मसाल,
मग चार अंक तिचे स्वतःचे,
आणि शेवटी एक, जो कशाचाच नाही.
आधीचे दहा खरे, एवढी साक्ष देतो फक्त.

सम जागांची बेरीज तिप्पट करा,
विषम जागांची त्यात मिळवा,
दहानं नीट भाग जायला हवा.
नाही गेला तर समजायचं
मी अंधारात सहाला आठ वाचलं.
सोळा वर्षं हेच.

मधे एकदा, पासाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर,
मी मांडून पाहिलं:
दोन्हीकडून सारखा वाचता येईल असा नंबर
असू शकतो का वाघिणीला?
शकतो.
पण जोडीतले अंक सगळे दुपटीत जातात,
मधला तेवढा एकटा उरतो,
म्हणून मधला समच हवा.
आणि मधला म्हणजे जन्मसालाचा शेवट.
त्या दिवसापासून तेरा, पंधरा, सतरा सालच्या वाघिणींकडे
मी कामापुरतंच पाहिलं.

आणखी एक निघालं, ते वर कळवलं नाही.
कुठलाही नंबर उलटा लिहा,
साक्ष खरीच ठरते.
अकरा अंक, त्यामुळे
विषम जागा उलटूनही विषमच राहतात.
साक्षीदाराला दिशा कळत नाही.

तर आज.
इंजिनाकडून एकेचाळिसावी,
गार्डाकडून एकोणिसावी.
दक्षिण-पूर्वची, चौदा सालची.

१२०७१४१७०२१

मी टॉर्च विझवला. पुन्हा लावला.
एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र,
लक्ष,
दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, दशअब्ज.
पाच इकडे, पाच तिकडे,
मधे लक्ष, लक्षात चार.

रूपचंद लांजेवार पॉइंट लावून आला.
"काय पाहून राहिल्या मॅडम? पत्रा फाटला का?"
नंबर दाखवला.
त्यानं पैसे मोजावे तसा वाचला:
बारा अब्ज सात कोटी चौदा लाख
सतरा हजार एकवीस.
"रुपये असते तं?"
"तं तू इथं कायले आला असता?"
"हौ," म्हणाला, आणि मग बोट ठेवून
तिकडून इकडे आला, हळू,
आणि पहिल्या एकावर थांबून
टोपी काढून घाम पुसला.
"तसाच हाय बापा."

एकवीस.
जीभ आधी एक म्हणते, वीस मागून.
पेन आधी दोन लिहितं.
लहानपणापासून आपण
जिभेनं उजवीकडून निघतो, हातानं डावीकडून,
आणि कोणी विचारत नाही
वाटेत भेटता कुठं.

चार वाजता कंट्रोलचा फोन,
चार दहाला गाडी कोराडीकडं.
कॉम्प्युटरनं तिचा नंबर घेतला
बाकी अठ्ठावन्नांसारखाच.

घरी आले, झोप नाही. कूलर खडखडतो.
अंक सम असते तर
अकरानं भाग गेलाच असता, डोळे मिटून.
हिच्यात अकरा आहेत, जात नाही.
सातनं भागलं, सहा उरले.
तेरानं एक.
एकोणिसानं अठरा, म्हणजे एकानं हुकलं.
तेविसानं सात.
मुलगा म्हणतो, फोनला विचार की,
मूळ संख्या आहे का नाही, सेकंदात सांगेल.
नको.

कोराडीला कोळसा ओतून
ती परवा परत येईल रिकामी.
वजन नसेल, नंबर तोच,
आणि तोंड कुठल्याही बाजूला.
तोवर मी
एकोणतीसवर असेन.